लेझर पॉइंटर आणि डोळ्यांची सुरक्षितता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील शाळांमध्ये मी मुलांचे डोळे तपासतो. तेथे पालक, शिक्षक आणि गणेश मंडळांचे कार्यकर्ते जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, आणि पुढे मोबाइलवरही पाठवत राहतात, ते येथे एकत्र केले आहेत. माझे काम नंबर काढण्याचे व प्राथमिक तपासणीचे आहे. निदान आणि उपचार नेत्रतज्ज्ञच करतात, हे लक्षात ठेवून पुढील उत्तरे वाचावीत.

१. हातातली बॅटरी लेझरपेक्षा कितीतरी जास्त उजेड देते. मग एवढ्याशा पेनाने डोळा कसा खराब होतो?

बॅटरीचा उजेड चहूकडे पसरतो आणि त्याचा फारच थोडा भाग बाहुलीतून आत जातो. लेझरचा किरण मात्र जवळजवळ समांतर जातो, त्यामुळे तो सबंधच्या सबंध बाहुलीत शिरू शकतो आणि डोळ्याचे भिंग त्याला नेत्रपटलावर, म्हणजे रेटिनावर किंवा डोळ्याच्या मागच्या पडद्यावर, सुमारे २० मायक्रोमीटर व्यासाच्या ठिपक्यात गोळा करते. अंधारात बाहुली ७ मिलिमीटरपर्यंत उघडते. या दोन मापांचा हिशेब केला, तर बाहुलीपाशी असलेली प्रकाशाची तीव्रता पडद्यावर पोहोचेपर्यंत सुमारे एक लाख पटींनी वाढते. लहानपणी भिंगाने कागद जाळला असेल, तर निराळे काही सांगायला नको. येथे भिंग आपल्याच डोळ्यात आहे आणि कागदाच्या जागी पडदा आहे.

२. पेनवर ‘क्लास २’, ‘क्लास ३’ असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ काय?

ही वर्गवारी आंतरराष्ट्रीय विद्युत तंत्र आयोगाच्या ६०८२५-१ या मानकातली आहे. डोळ्यांना दिसणाऱ्या, अखंड चालणाऱ्या किरणांपुरते सांगायचे, तर क्लास २ म्हणजे १ मिलिवॉटपर्यंत, ३आर म्हणजे ५ मिलिवॉटपर्यंत, ३बी म्हणजे ५०० मिलिवॉटपर्यंत आणि त्यापुढे सगळा क्लास ४. क्लास २ सुरक्षित मानण्यामागे एक गृहीतक आहे: झगमगाट झाला की माणूस पाव सेकंदाच्या आत पापणी मिटतो किंवा मान वळवतो. जो मुद्दाम टक लावून पाहतो, त्याच्यासाठी हे गृहीतक लागू होत नाही. ३आर वर्गात चुकून क्षणभर किरण गेला तर इजेचा धोका कमी असतो, पण नसतोच असे नाही. ३बी आणि ४ या वर्गांतील उपकरण पापणी मिटण्याच्या आतच पडदा भाजू शकते. काही पेनांवर रोमन आकड्यांत ‘थ्री ए’ असे छापलेले असते. ती अमेरिकेतील जुनी पद्धत असून तिची मर्यादा ढोबळमानाने ३आरइतकीच आहे.

३. आमच्या पेनवर ‘५ मिलिवॉटपेक्षा कमी’ असे स्पष्ट छापले आहे. मग काळजीचे कारण काय?

सर्वांत जास्त वेळा येणारा आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. पेनवर छापलेले आणि पेनमधून बाहेर पडणारे यांचा मेळ बसेलच, असे धरून चालता येत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेने १२२ पॉइंटर मोजून २०१३ मध्ये निष्कर्ष जाहीर केले, तेव्हा हिरव्यांपैकी जवळजवळ ९० टक्के आणि लालांपैकी सुमारे ४४ टक्के पॉइंटर तिथल्या सुरक्षा नियमांत बसत नव्हते. तो माल तरी नियमांचा धाक असलेल्या बाजारातला होता. आपल्याकडे यात्रेत फुग्यांच्या शेजारी टोपलीत ठेवलेल्या पेनांवरचे स्टिकर कोणी आणि कशाच्या आधारावर छापले, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. एका यात्रेत मी विचारले, तेव्हा “साहेब, सगळ्यांवर एकच स्टिकर येतं” असे प्रामाणिक उत्तर मिळाले.

हिरव्या पेनची आणखी एक अडचण आहे. नेहमीच्या स्वस्त पेनमध्ये हिरवा किरण थेट तयार होत नाही. आतला डायोड ८०८ नॅनोमीटर तरंगलांबीचा (प्रकाशाचा रंग या आकड्यावरून ठरतो) अदृश्य अवरक्त प्रकाश देतो, एक स्फटिक त्याचे १०६४ नॅनोमीटरमध्ये रूपांतर करतो आणि दुसरा स्फटिक त्यापासून ५३२ नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश बनवतो. उरलेला अवरक्त प्रकाश अडवण्यासाठी तोंडाशी एक गाळणी हवी, आणि खर्च वाचवायचा तर नेमकी तीच वगळली जाते. अशा पेनमधून हिरवा प्रकाश मंद आणि अवरक्त भरपूर, असेही घडते. याच संस्थेने २०१० मध्ये असाच एक पेन मोजला होता आणि त्यातून सुमारे २० मिलिवॉट अवरक्त बाहेर पडत होता. अवरक्त दिसत नसल्यामुळे पापणी मिटत नाही, आणि ‘हिरवा फारच मंद झाला, बघू काय बिघडलं’ म्हणून मुले त्याच पेनच्या तोंडात डोकावतात.

मोजण्याचे यंत्र घरी नसते, म्हणून काही खुणा सांगतो. ज्या पेनने फुगा फुटतो, काडी पेटते किंवा काळ्या कागदातून धूर निघतो, तो ५ मिलिवॉटच्या कितीतरी पुढचा आहे. अंगठ्याएवढा जाड रिचार्जेबल सेल आणि सोबत कुलपासारखी किल्ली असलेले हिरवे पेनही, त्यावर काहीही छापलेले असो, खेळणे समजू नये.

४. लाल, हिरवा, निळा, जांभळा यांपैकी कोणता रंग जास्त धोकादायक?

एकाच शक्तीचे दोन पेन घेतले, तर ५३२ नॅनोमीटरचा हिरवा ६५० नॅनोमीटरच्या लालपेक्षा सुमारे आठपट तेजस्वी भासतो, कारण दिवसाच्या उजेडात आपला डोळा ५५५ नॅनोमीटरच्या आसपास सर्वाधिक संवेदनशील असतो. त्यामुळे हिरवा जास्त दिपवतो. पण शक्ती सारखी असेल, तर भाजण्याच्या बाबतीत दोघांत तेवढा फरक नसतो. खरा फसवा रंग जांभळा. ४०५ नॅनोमीटरचा किरण डोळ्याला अगदी फिकट दिसतो, म्हणून तो कमी शक्तीचा वाटतो आणि माणूस त्याच्याकडे जास्त वेळ पाहतो. निळ्या पेनांमध्ये वॉटच्या घरातली उपकरणेही सर्रास विकली जातात. दिसणाऱ्या उजेडावरून शक्तीचा अंदाज बांधू नये, एवढे पुरे.

५. खेळताना एकाने दुसऱ्याच्या डोळ्यात क्षणभर लेझर मारला. आता काय करावे?

आधी शांत राहावे. साध्या लाल पेनचा किरण चुकून क्षणभर डोळ्यावरून सरकला, तर बहुतेक वेळा काही मिनिटे रंगीत डाग दिसतो आणि तो विरून जातो. या वेळेत डोळे चोळू नयेत. चोळल्याने बुबुळावर ओरखडा येतो, डोळा लाल होऊन पाणी येते आणि मग ‘लेझरने डोळा सुजला’ असे सांगत मंडळी येतात. प्रत्यक्षात ती करामत स्वतःच्या मुठीची असते. पाण्याचे हबके, गुलाबपाणी किंवा दुकानातून विचारून आणलेले थेंब यांचा काही उपयोग नाही, कारण प्रश्न असलाच तर तो डोळ्याच्या मागच्या पडद्यावर आहे. पेन मात्र जपून ठेवावा आणि तपासणीला सोबत न्यावा.

डाग काही तासांनंतरही तसाच राहिला, वाचताना मधली अक्षरे गळत असली, सरळ रेषा वाकडी दिसली किंवा पेन प्रश्न ३ मध्ये सांगितलेल्या जातीचा असला, तर दुसऱ्या दिवशीची वाट न पाहता नेत्रतज्ज्ञाकडे जावे.

६. डोळा दुखत नाही, लालही नाही. म्हणजे काही झालेले नाही ना?

अमळनेरकडच्या एका आजोबांनी हे अहिराणीत विचारले होते: “मन्हा नातूना डोयाले काही व्हई का? तो ते रडनाबी नही.” न रडणे ही खात्रीची खूण नाही. नेत्रपटलाला वेदना कळवणारे तंतू नसतात. ते भाजले तरी दुखत नाही आणि बाहेरून डोळा अगदी स्वच्छ दिसतो.

चोपडा तालुक्यातील एका शाळेतला सातवीतला मुलगा मला आठवतो. डावा डोळा झाकल्यावर तो तक्त्यावरच्या प्रत्येक ओळीचे पहिले आणि शेवटचे अक्षर बरोबर वाचायचा आणि मधले सोडून द्यायचा. मान किंचित तिरपी केली की मग मधलेही सापडायचे. त्याने दोन महिन्यांपूर्वी यात्रेतून पेन आणला होता आणि ‘कोण जास्त वेळ बघतो’ अशी पैज मित्रांमध्ये लागली होती. पैज तो जिंकला होता. दुसरा डोळा चांगला असल्यामुळे घरात, शेतात, क्रिकेटमध्ये कुठेच अडले नाही आणि म्हणून त्याने कोणाला सांगितलेही नाही. पुढे रेटिनाच्या डॉक्टरांना त्याच्या पडद्याच्या मध्यबिंदूवर भाजल्याची खूण सापडली. आपण ज्या वस्तूकडे रोखून पाहतो, तिची प्रतिमा नेमकी याच मध्यबिंदूवर पडते. लेझरकडे रोखून पाहिले की इजा होते तीही तिथेच.

७. घरच्या घरी काही तपासणी करता येते का?

गणिताची चौकटीची वही घ्यावी. पानाच्या मधोमध पेनाने ठळक ठिपका काढावा, पान डोळ्यांपासून सुमारे ३० सेंटिमीटरवर धरावे आणि एक डोळा तळहाताने, न दाबता, झाकावा. चष्मा असेल तर तो लावूनच पाहावे. ठिपक्यावर नजर ठेवून मुलाला विचारावे की भोवतालच्या सगळ्या चौकटी दिसतात का, एखादी रेघ वाकलेली, तुटलेली किंवा पुसट आहे का. मग दुसरा डोळा. दोन्ही डोळे उघडे ठेवून ही तपासणी केल्यास ती निरर्थक ठरते, कारण एका डोळ्याची उणीव दुसरा भरून काढतो. काही वेगळे दिसल्यास डॉक्टरांकडे जावे. काही न दिसल्यास तपासणीची गरज संपली असे मात्र समजू नये, विशेषतः मूल लहान असेल तर. पडद्याचे थर दाखवणारी ओसीटी ही तपासणी लहानशी इजाही दाखवते. ती प्रत्येक दवाखान्यात नसते, म्हणून आधी फोन करून विचारावे.

८. पडदा भाजला असेल तर उपचार आहे का? दृष्टी परत येते का?

भाजलेला भाग पूर्ववत करणारा सिद्ध झालेला उपचार आज नाही. काही डॉक्टर सूज कमी करण्यासाठी स्टेरॉइड देतात, पण त्याच्या उपयोगाबद्दल ठोस पुरावा नाही. इजा लहान असेल, तर काही आठवडे ते काही महिन्यांत नजर आपोआप बरीच सुधारू शकते. मध्यबिंदूवर छिद्र पडले असेल, तर ते कधी स्वतःहून भरते आणि कधी शस्त्रक्रिया करावी लागते. काहींच्या बाबतीत भाजलेल्या जागी पुढे नाजूक रक्तवाहिन्या उगवतात आणि त्यासाठी डोळ्यात इंजेक्शने घ्यावी लागतात. म्हणून पहिली तपासणी ठीक निघाली तरी डॉक्टर सांगतील त्या तारखा चुकवू नयेत.

९. गॉगल, नंबरचा चष्मा किंवा मिटलेल्या पापण्या संरक्षण देतात का?

उन्हाचा गॉगल देत नाही. नंबरचा चष्माही नाही. उलट तो किरण पडद्यावर अधिक नेमका गोळा करतो. पापणी साध्या पेनसाठी पुरते, क्लास ४ समोर पुरत नाही. खरा संरक्षक चष्मा विशिष्ट तरंगलांबीसाठीच बनवलेला असतो आणि त्यावर तो आकडा छापलेला असतो. हिरव्यासाठीचा चष्मा लालला सरळ जाऊ देऊ शकतो. दुर्बिणीतून किरणाकडे पाहणे तर सर्वांत वाईट, कारण ती जास्त प्रकाश गोळा करून डोळ्यात सोडते.

१०. किती अंतरावरून लेझर सुरक्षित होतो?

किरण हळूहळू पसरतो. साधारण पेनचा किरण १०० मीटरवर सुमारे १० सेंटिमीटरचा होतो. त्या हिशेबाने आणि पाव सेकंदात पापणी मिटते असे धरून, ५ मिलिवॉटच्या पेनसाठी इजेच्या दृष्टीने धोक्याचे अंतर सुमारे १६ मीटर येते. ५०० मिलिवॉटसाठी ते दहापट, म्हणजे सुमारे १६० मीटर. शक्ती चौपट झाली की अंतर दुप्पट होते. हे इजेचे अंतर झाले; दिपण्याचे आणि लक्ष विचलित होण्याचे अंतर याच्या कितीतरी पुढे जाते, त्यासाठी प्रश्न १२ पाहावा.

११. विसर्जन मिरवणुकीत आणि वरातीत लेझर लावतात. ते पाहणे सुरक्षित आहे का?

आधी एक गैरसमज दूर करतो. डीजेच्या गाडीवरचे ‘शार्पी’ हे दिवे लेझर नव्हेत. ते दिव्याचा झोत फेकतात. लेझर म्हणजे बारीक, धारदार रेषा आणि जाळ्या हवेत काढणारे यंत्र, आणि ते बहुधा क्लास ४ असते. २०२३ च्या गणेशोत्सवानंतर राज्यात मिरवणुकीतील लेझरमुळे पडद्याला इजा झालेले तरुण रुग्ण नेत्रतज्ज्ञांकडे आले, आणि २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी उत्सवात अशा किरणांना मनाई केली. आपल्याकडेही मंडळाने परवानगीच्या वेळी पोलीस ठाण्यात हे विचारून घ्यावे.

या यंत्रात किरण स्थिर नसतो; छोटे आरसे तो वेगाने फिरवतात, त्यामुळे एका डोळ्यावर तो फार थोडा वेळ राहतो. आरसा अडकला किंवा जनरेटरच्या झटक्याने कार्यक्रम थांबला, की तोच किरण एका जागी उभा राहतो. त्या क्षणी यंत्र आपोआप बंद व्हायला हवे, ती सोय स्वस्त यंत्रात नसते. परदेशांत किरण प्रेक्षकांच्या जमिनीपासून किमान ३ मीटर वर ठेवण्याचा नियम आहे. पण जळगाव किंवा धुळ्याच्या जुन्या गल्लीत अर्धे प्रेक्षक गच्चीत आणि पहिल्या मजल्याच्या गॅलरीत बसलेले असतात; तीन मीटरवर नेमके त्यांचेच डोळे येतात. म्हणून आपल्या गल्ल्यांत हा नियम पाळूनही भागत नाही, आणि माझे स्पष्ट मत आहे की मिरवणुकीत लेझर नसावाच. समोर आलाच तर पाठ फिरवावी आणि खांद्यावरच्या मुलाला आधी खाली घ्यावे. खांद्यावर बसलेले मूल गर्दीत सर्वांत उंच असते.

१२. विमानावर किंवा रेल्वेवर लेझर मारला तर खरोखर काही होते का?

होते. ५ मिलिवॉटचा हिरवा पेनही वैमानिकाचे लक्ष सुमारे साडेतीन किलोमीटरवरून विचलित करू शकतो. जमिनीवर जो ठिपका दिसतो, तो तिथे पोहोचेपर्यंत मोठा झालेला असतो आणि कॉकपिटच्या काचेवर पसरून सगळी काच उजळतो. जळगाव विमानतळावर उतरणाऱ्या विमानाला धावपट्टीकडे सर्वाधिक लक्ष द्यायचे असते, त्याच वेळी हे घडू शकते. ब्रिटनमध्ये २०१८ पासून यासाठी स्वतंत्र कायदा आहे आणि त्यात रेल्वे व मोटारीही येतात. आपल्याकडे भारतीय न्याय संहितेचे कलम १२५ इतरांचा जीव धोक्यात घालण्याबद्दल आहे, तर रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम १५३ मध्ये प्रवाशांची सुरक्षितता धोक्यात आणणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. भुसावळच्या परिसरात रुळांजवळ राहणाऱ्या मुलांना हे जरूर सांगावे.

१३. रानडुकरे आणि पाखरे हाकलायला शेतात लेझर वापरतो. चालेल का?

पाखरे दचकतात आणि काही दिवसांनी सरावतातही. अडचण माणसांची आहे. दादर ज्वारीची राखण करणारा माळ्यावरून किरण फिरवतो, तेव्हा पलीकडच्या मळ्यात रात्रीच्या विजेवर पाणी भरायला आलेला शेजारी त्याला दिसत नाही, आणि अंधारात त्याच्या बाहुल्या पूर्ण उघडलेल्या असतात. शिवाय ठिबकच्या नळ्या, पत्र्याची शेड आणि सरीत साचलेले पाणी किरण कुठेही परतवतात. जनावरांचे डोळेही याच नियमाने भाजतात. गोठ्याच्या दिशेने किरण नेऊ नये.

जमीन सपाट करणाऱ्या लेझर लेव्हलरचे आणि बांधकामावरच्या हिरव्या रेषांच्या यंत्राचे तसे नाही. त्यांचा किरण फिरता किंवा पसरलेला असतो आणि ती बहुधा क्लास २ किंवा ३आरची असतात. लेबल पाहावे आणि यंत्राच्या तोंडात डोकावू नये, इतकी काळजी पुरते.

१४. तोरणमाळला आकाशदर्शनासाठी हिरवा लेझर न्यावा का?

तारा दाखवण्यासाठी याहून सोयीचे साधन नाही, हे मान्य. हवेतल्या रेणूंवर आणि धुळीवर प्रकाश विखुरल्यामुळे किरण काठीसारखा दिसतो आणि त्यासाठी ५ मिलिवॉट पुरतात. पेन एकाच जबाबदार व्यक्तीच्या हाती असावा, तो सर्वांच्या डोक्यांच्या वर धरूनच सुरू करावा आणि विमानाचा दिवा दिसताच बंद करावा. मुलांच्या हाती एक मिनिटही देऊ नये.

१५. डॉक्टर स्वतःच डोळ्यात लेझर मारतात. मग तो चांगला कसा?

मधुमेही रुग्णाच्या पडद्यावर जो लेझर मारतात, तो अनेकदा याच ५३२ नॅनोमीटरचा हिरवा असतो आणि तो पडदा खरोखर भाजतोच. फरक जागेचा आणि मोजमापाचा आहे: डॉक्टर कडेचा भाग, ठरवलेल्या शक्तीने, सेकंदाच्या काही शतांश भागापुरता भाजतात आणि मध्यबिंदू कटाक्षाने टाळतात. चष्म्याचा नंबर घालवणाऱ्या शस्त्रक्रियेतला लेझर १९३ नॅनोमीटरचा अतिनील असतो; तो बुबुळाच्या पृष्ठभागातच शोषला जातो आणि पडद्यापर्यंत पोहोचत नाही.

१६. दुकानातला बारकोड वाचणारा आणि ताप मोजणाऱ्या बंदुकीचा लाल ठिपका?

यांची काळजी करू नये. बारकोडचे किरण क्लास १ किंवा २ चे असतात. ताप मोजणाऱ्या उपकरणात लाल ठिपका असलाच, तर तो फक्त नेम धरण्यासाठी असतो. ताप त्वचेतून येणाऱ्या उष्णतेवरून मोजला जातो.

१७. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून मिरवणूक पाहिली तर डोळे वाचतील ना?

मोबाइलच्या पडद्यावर पाहणारा डोळा वाचतो, कॅमेरा मात्र जातो. क्लास ४ चा किरण सेन्सरवर पडला, तर चित्रात कायमची रंगीत रेघ उमटते. आणि चित्रीकरण करणाऱ्याच्या मागे उभ्या असलेल्यांना काहीच आडोसा नसतो.

१८. शिक्षकाने वर्गासाठी कोणता पॉइंटर घ्यावा?

१ मिलिवॉटपर्यंतचा, क्लास २ चा, लाल. उत्पादकाचे नाव, तरंगलांबी आणि शक्ती छापलेला, बिल देणाऱ्या दुकानातून घेतलेला. चकचकीत फळ्यावर, खिडकीच्या काचेवर आणि स्टीलच्या कपाटावर तो रोखू नये. खरे तर फळ्यापुरती बांबूची छडी अजूनही उत्तम चालते.

१९. घरात आधीच आणलेले जास्त शक्तीचे पेन आहे. त्याचे काय करावे?

नुसते माळ्यावर टाकू नये, मुले शोधून काढतात. प्रथम सेल काढून वेगळे करावेत. पेन बटण सेलचा असेल, तर ते सेल लगेच मुलांच्या हाताबाहेर ठेवावेत, कारण गिळलेला बटण सेल अन्ननलिका जाळू शकतो आणि तशी शंका जरी आली तरी ताबडतोब रुग्णालय गाठावे लागते. मग पेनच्या तोंडावर जाड काळी पट्टी गुंडाळून तो ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यावा. भंगारवाल्याला देऊ नये; त्याच्याकडून तो दुसऱ्या कोणाच्या तरी मुलाकडे जातो.